पंचफुलाबाईचा होकार

तुम्ही समोर बसला आहात, पूर्ण शुद्धीवर आहात, प्रश्न तुम्हालाच विचारला आहे. आणि शेजारी बसलेल्या माणसाने तुमच्या वतीने ‘नाही’ असं उत्तर देऊन टाकलं, तर तुम्ही काय कराल?

ओरडाल. मीही ओरडले असते. पंचफुलाबाईला ओरडता येत नव्हतं. तिच्या गळ्यातलं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलं होतं. आणि शेजारी बसून ‘नाही’ म्हणणारी मी होते.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे, आणि त्या चांगल्याच्या आडोशाला मला लपायचं नाही.

अल्लीपूरला आमच्या दारासमोरच तिचं दार. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. टोळीत पंधरा-सोळा बाया, आणि त्यांना सकाळी घराबाहेर काढायचं काम तिचं. त्यासाठी ती कोणाच्या दारात जात नसे. स्वतःच्या ओट्यावर उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि एकेकीला हाक द्यायची. नुसतं नाव घेतलेलं तिला चालत नसे.

“शांते, नवऱ्याचं तोंड मंग पायजो, आंधी शेत पाय.”

“बेबे, वेणी घालून राह्यली का दोर वळून राह्यली?”

“कौसल्ये, तुह्या चुलीनं आज रजा टाकली का व?”

प्रत्येकीसाठी रोज नवी हाक. गल्लीतले पुरुष चहा पिता पिता थांबून ऐकत आणि आपल्या घरची पाळी आली की कपात बघत. हाक लागल्यावरही जी निघाली नाही, तिच्यासाठी दुसरी हाक असे, आणि ती ऐकण्याची वेळ येऊ नये म्हणून बाया ओले केस घेऊन धावत.

संध्याकाळी काट्यावर गाठोडी लागत, तेव्हा वजन वाचायचं कामही तिचंच. ती दुसरीपर्यंत शिकलेली, पण आकडे पक्के. काट्यावरचा आकडा ती एवढ्या मोठ्याने सांगायची की धुऱ्यापलीकडच्या शेतातही कळावं. एकदा एका शेतमालकाने सांगितलं, “बाई, हळू बोला, मी काही बहिरा नाही.” ती म्हणाली, “तुमच्यासाठी नाई बोलून राह्यली भाऊ. ते तिकडच्या काट्यावरचा माणूसबी आयकते ना, त्याच्यासाठी हाये.” तिने मोठ्याने सांगितलेलं वजन खरं, एवढी तिची पत होती. टोळीत नवीन आलेल्या लाजऱ्या पोरींना तिचं एकच सांगणं असे: “पोटात ठेवलं तं सडते. बोलून टाक.”

माझे बाबा शाळेत लिपिक. संध्याकाळी शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला खुर्च्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. ‘जागे व्हा’ हे दोन शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता आले. पंचफुलाबाई त्या गठ्ठ्यांवर बसूनच आमच्याकडे चहा प्यायची. मी तिला मावशी म्हणायचे.

तिच्या गालात कायम तंबाखू असे, कधी सुपारीत घोटलेला खर्रा. बाबांनी खर्ऱ्याविरुद्ध पत्रक काढलं तेव्हा तिने आपणहून वीस प्रती मागून घेतल्या. बाबा हरखले. आठ दिवसांनी कळलं की टोळीतल्या बाया तंबाखूच्या पुड्या त्यातच बांधून शेतात नेत होत्या.

“कागद चांगला हाये भाऊ,” ती बाबांना म्हणाली. “चुना झिरपत नाई.”

बाबा हसले नाहीत. मीही नाही. आमच्याकडे पत्रकावर हसण्याची पद्धत नव्हती. आज वाटतं, त्या दिवशी आम्ही तिच्यावर रागवायला हवं होतं आणि तिच्याबरोबर हसायलाही हवं होतं. आम्ही दोन्ही केलं नाही. पुढचं पत्रक लिहायला बसलो.

एका हंगामात तिचा घसा बसला. रोज एवढं ओरडणारीचा घसा बसणारच, असं सगळ्यांनी धरलं. तिनेही धरलं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. हाका बारीक झाल्या, मग फाटल्या, मग ती ताटलीवर पळी वाजवून बायांना उठवू लागली. बायांना ते गमतीचं वाटलं. गिळताना कानापर्यंत कळ जाऊ लागली तेव्हा कुठे ती वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात गेली. तोवर आवाजाच्या पेटीत गाठ पक्की झाली होती. पेटी पूर्ण काढायची, आणि श्वासासाठी गळ्याला खाली एक भोक ठेवायचं, जन्मभरासाठी. दुसरा रस्ता डॉक्टरांनी सांगितला नाही, कारण उरलाच नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्या भाच्याने मोबाइल पुढे धरला. म्हणाला, मावशी, बोल काहीतरी, जपून ठेवतो. तिने त्याचा हात बाजूला केला. “मेली का मी? ठेव तो डब्बा.” मग ती शेजारच्या खाटेवरच्या बाईशी पंख्यावरून भांडत राहिली. त्या बाईला पंखा जोरात हवा, हिला सोसेना. दुसऱ्या दिवशी तिला आत नेताना भाचा सोबत चालत होता. त्याने सांगितलं की मावशीचे आवाजातले शेवटचे शब्द होते, “पंखा कमी कर.”

मला ते फार लागलं. एवढ्या जबरदस्त बाईचे शेवटचे शब्द असे असावेत? मी मनातल्या मनात तिच्यासाठी दुसरे, चांगले शब्द तयारही केले होते. तिच्या तोंडी माझे शब्द घालण्याची माझी ही खोड तेव्हापासूनची.

घरी आल्यावर गल्लीने तिच्याशी जे केलं ते ऐका. बाया तिला भेटायला आल्या आणि तिच्या कानाशी येऊन ओरडून बोलू लागल्या. “कशी हायेस व माय? जेवली का?” बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार. तिने कानांवर हात ठेवले, तर त्या आणखी मोठ्याने ओरडल्या. शेवटी तिने शांतेच्या तोंडावर उशी फेकली, तेव्हा सगळ्यांना खात्री पटली की पंचफुला आहे तशीच आहे.

सवयी मात्र जुन्या शरीराच्या होत्या. चूल पेटवताना तिने फुंकणी उचलली, तोंडाला लावली, गाल फुगवले. फुंकणीतून काहीच गेलं नाही. वारा गळ्याच्या भोकातून खाली गेला आणि पुढ्यातली राख तिच्याच पदरावर उडाली. तिने फुंकणी हातात फिरवून पाहिली, जणू ती बुजली असावी. मग तिला कळलं. ती फुंकणी तिने शेजारणीला देऊन टाकली.

शेतात जाणंही संपलं. कापसाचे बारीक तंतू आणि पराटीच्या झाडांची धूळ थेट भोकात जायची, आणि मग ती अशी खोकायची की बघणाऱ्याने मान फिरवावी. पदराचं एक टोक ओलं करून ती गळ्यावर धरायची, तरी भागत नसे. टोळीच्या काट्यावर वजन आता मालकाचा मुलगा वाचतो. हळू वाचतो.

बोलण्यासाठी दवाखान्यातून एक यंत्र मिळालं होतं. विजेरीसारखं, हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. त्यातून एका सुरात घरघरणारे शब्द निघत. तिने त्याचं नाव ठेवलं भुंगा. पहिल्याच दिवशी तिने भुंग्यावरून यवतमाळला बहिणीला फोन लावला. बहिणीने दोनदा “कोन?” विचारलं आणि घाबरून फोन ठेवला. पुन्हा लावला तर बहिणीच्या धाकट्या मुलाने उचलून शिव्या घातल्या. तिने भुंगा मोहरीच्या डब्यामागे ठेवून दिला.

त्यानंतर तिचं बोलणं मी झाले. मी तेव्हा वर्ध्याला बोरगाव मेघेत खोली करून राहत होते, शिकत होते, लिहीत होते. पण दर आठवड्याला गावी यायचे. मला तिचे ओठ वाचता येत. आमची एक रीत ठरून गेली होती. तिला कुठे काही सांगायचं असलं की ती माझं मनगट हातात धरायची आणि ओठ हलवायची. मी मोठ्याने बोलायचे. बरोबर बोलले की तिची बोटं सैल राहत. चुकले की चिमटा. मग मी थांबायचं, तिच्याकडे वळायचं, पुन्हा विचारायचं. चिमटा ती राखून काढत नसे. रेशनच्या दुकानात मी एकदा म्हटलं, “दोन महिन्यांचा गहू राहिला,” आणि हातावर असा चिमटा बसला की दुकानदारच म्हणाला, “ताई, तीन असन. बाईचा चेहरा पाहा.” तीनच होते.

आता मुख्य गोष्ट.

तपासणीला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. बाहेरच्या व्हरांड्यात एक तरुण डॉक्टरीण बसली होती. स्वरयंत्र काढलेल्या माणसांना ती काही प्रश्न विचारत होती. तिने आधीच नीट सांगितलं: “मी काही देऊ करत नाहीये. हे ऑपरेशन आपल्याकडे होत नाही, जगातही फार थोड्यांचं झालंय. फक्त तुमचं मत हवंय.” मग तिने सांगितलं की मेलेल्या माणसाचं स्वरयंत्र, जसं मूत्रपिंड बसवतात तसं, दुसऱ्याच्या गळ्यात बसवता येऊ शकतं. आवाज येईल, पण आधीसारखा येईलच असं नाही. शरीराने परका अवयव फेकून देऊ नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतील. त्या औषधांनी अंगातली ताकद कमी होते, साधा ताप जड जातो. आणि ज्याला कॅन्सर होऊन गेलाय, त्याला तो परत होण्याचा धोका वाढतो. कधी कधी बसवलेलं काढावंही लागतं. “एवढं सगळं असून तुम्हाला हवं वाटेल का? किती धोका चालेल?”

आमच्या आधी उईकेबाबा होते. आर्वीकडच्या जंगलपट्टीतले, तेंदूपत्ता आणि मोह वेचणारे. गळ्याला तसंच भोक, वर रुमाल बांधलेला. बरोबर बायको. डॉक्टरणीचं सगळं ऐकून झाल्यावर बायकोने ते त्यांच्या गोंडीत नवऱ्याला पुन्हा सांगितलं आणि गप्प बसली. उईकेबाबा समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. डॉक्टरणीने पेन दोनदा उघडलं, मिटलं. बायको हलली नाही. मग उईकेबाबांनी तिचा तळहात ओढून त्यावर बोटाने काहीतरी काढलं, हाताने आभाळाकडे खूण केली.

बायको म्हणाली, “नाई म्हणते. म्हणते, दुसऱ्याचा गळा घेऊन तिकडं गेलो, तं माहे लोक मले ओळखतीन का?”

डॉक्टरणीने लिहून घेतलं. आमची पाळी आली.

मावशीने माझं मनगट धरलं. ती हसत होती. तिचे ओठ हलले. पहिला शब्द मला अगदी स्पष्ट दिसला. तो मला पटला नाही.

त्याच महिन्यात मी एक पत्रक लिहिलं होतं. शीर्षक होतं ‘गरिबाचं शरीर ही प्रयोगशाळा नाही’. चांगलं पत्रक होतं. अजूनही मी त्यातलं एक वाक्य मागे घेणार नाही. पण त्या दुपारी ते पत्रक माझ्या डोळ्यांवर चिकटलेलं होतं. समोर मला मावशी दिसली नाही, अल्लीपूरची शेतमजूर बाई दिसली. आणि शेतमजूर बाई अशा गोष्टीला हो म्हणूच शकत नाही. म्हणालीच, तर ते तिला कळलेलं नसतं. असं मला वाटलं.

“नाही,” मी म्हणाले. “मावशी म्हणतात, गरिबांच्या अंगावर असले प्रयोग नकोत.”

चिमटा.

“बरं,” डॉक्टरीण म्हणाली. “आणि धोका? थोडासुद्धा चालणार नाही?”

“अजिबात नाही.”

चिमटा. नखं रुतली. मी हात तसाच ठेवला आणि मावशीकडे वळले नाही. मला वाटलं, बाहेर गेल्यावर समजावून सांगू.

डॉक्टरणीने मावशीकडे पाहून विचारलं, “मावशी, बरोबर ना?” तो क्षण होता. पण मावशी माझ्याकडे बघत होती, डॉक्टरणीकडे नाही. तिने माझं मनगट सोडलं. हात पदराखाली घेतला. डॉक्टरणीने ती गप्प आहे हेच उत्तर धरलं, पुढच्या माणसाला बोलावलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी तिला कॅन्सरचं समजावत होते, औषधांचं समजावत होते, परदेशातल्या मोठ्या दवाखान्यांचं समजावत होते. तिने गळ्यावरचा पदर नीट केला आणि अल्लीपूर येईपर्यंत बाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. बाबा दाढी करत होते. ती पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसली आणि कमरेचा भुंगा काढला. कितीतरी महिन्यांनी. तो हनुवटीखाली टेकवला.

“म्या. हो. म्हनलं. होतं.”

तो घरघरता आवाज घरभर झाला. बाबांचा हात थांबला.

“काऊन?” मी विचारलं. मलाही बोली सुचते अशा वेळी. “मावशी, तो आजार परत येऊ शकतो. ऐकलं ना तू?”

“आयकलं. मी का बहिरी हाये?” भुंगा थांबला. तिने भोकातून श्वास घेतला. “आला तं माहा येईन. तुहा नाई.”

“पण आवाजासाठी एवढा धोका...”

तिने हात वर करून मला थांबवलं.

“आवाज तुले पायजे. मोर्चाले. मले नाक पायजे.”

मला कळलं नाही. बाबांनाही नाही. मग ती सावकाश बोलली, मध्ये मध्ये भुंगा बाजूला करून श्वास घेत. श्वास गळ्यातूनच येतो-जातो, नाकातून वारा जातच नाही, म्हणून तिला वास येत नाही. ऑपरेशन झाल्यापासून एकही वास आला नाही. दूध तिच्या पुढ्यात करपतं आणि शेजारीण येऊन सांगते. अंबाडीची भाजी शिजते, कळत नाही. पहिल्या पाण्याने जमीन भिजते, कळत नाही. लेकीकडून येणाऱ्या नातीला अंगाशी घेतलं तर ती कुणाचीही पोर वाटते. “तेल लावलं का नाई तेबी मले समजत नाई.” आणि नदी. पवनारला धामच्या पात्रात ती दर वर्षी एकदा डुबकी मारायची. आता गळ्याच्या भोकातून पाणी आत जाईल. आंघोळसुद्धा मानेखालून.

“त्या पेटीनं वारा नाकातून जाईन, असं त्या बाईनं सांगतलं का?” बाबांनी विचारलं.

“म्या इचारनार होती. हिनं इचारू देलं नाई.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी आयुष्यभर इतकी पत्रकं लिहिली, पण असं मला कधी वाचलं नव्हतं.

मावशी उठली. जाताना गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं, वर-खाली बघितलं. “तुमच्या कागदात गरीब मानूस कधी हो म्हनते का भाऊ? सदाच नाई म्हनते.” आणि भुंगा कमरेला खोचून निघून गेली.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. ते सगळं खरंही होतं. औषधांचा धोका खरा. गरिबाच्या शरीराची किंमत कमी समजतात, हे खरं. धोका समजून घेऊन तो पत्करायचा हक्क शेतमजूर बाईलाही आहे, हे एवढंच खरं मी कधी लिहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी मी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. खरं तर तिनेच मला नेलं. बसच्या दारात माझ्या दंडाला धरून पुढे ढकललं. डॉक्टरीण भेटली. मी माझी चूक सांगितली.

“फॉर्मवर नावं नव्हती,” ती म्हणाली. “कुणाला ओळखता येऊ नये म्हणूनच. सगळे एकत्र पुढे गेले. आता त्यातला मावशींचा कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. आणि दुसरा भरला तर एका माणसाची दोन मतं होतील.”

“म्हणजे मावशीचं ‘नाही’ तसंच राहणार?”

“हो.”

मग ती मावशीकडे वळली. खुर्ची पुढे ओढली. “मावशी, तुम्हाला खोटी आशा नको म्हणून सांगते. तुम्ही हो म्हणाला असतात, तरी हे झालं नसतं. कॅन्सर होऊन गेलेल्यांना सध्या बहुतेक कोणी हात लावणार नाही. त्या औषधांची सगळ्यांनाच भीती वाटते. तुमच्या हयातीत होईल, असं मी म्हणू शकत नाही.”

मावशीने भुंगा लावला.

“मले मालूम हाये बाई. तुम्ही इचारलं होतं. म्या सांगतलं होतं. देता का, असं म्या कोठं म्हनलं?”

मग मावशीने नाकाचं सांगितलं. वासाचं, नातीचं, धामचं. डॉक्टरीण म्हणाली की नवं स्वरयंत्र नीट बसलं तर श्वास नाकातून जाऊ शकतो, वास येऊ शकतो. “पण आमच्या फॉर्मात तो प्रश्नच नव्हता, मावशी. आम्ही सगळं आवाजाचंच विचारलं.” तिने स्वतःची डायरी काढली, त्यात मावशीचे शब्द लिहून घेतले. फॉर्ममध्ये नाही, डायरीत. मावशीने मान पुढे करून पाहिलं. दुसरीपर्यंतच्या अक्षरांनी ते वाचायचा प्रयत्न केला, आणि मान डोलावली.

बाहेर आल्यावर तिने पवनारच्या बसकडे बोट दाखवलं. धामला पाणी बेताचं होतं. काठावर पोरं उड्या मारत होती, बाया डुबक्या घेत होत्या. मावशी गुडघाभर पाण्यात गेली, एका हाताने गळ्यावर पदर दाबून. तिथेच थांबली. मग वाकून ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. सवयीने. थोडा वेळ तशीच उभी राहिली. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं. मी काठावर तिच्या चपला धरून उभी होते. मला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

त्यानंतर तिने माझं मनगट कधी धरलं नाही. रागावली होती असं नाही. चहाला यायची, उशा फेकायची, माझ्या केसांना नावं ठेवायची. पण रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात ती भुंगाच काढायची. लोक दचकत, पोरं हसत, कुत्री भुंकत. ती प्रत्येक शब्द पूर्ण करायची. तिच्या मागची रांग चुळबुळायची. ती मागे वळून सगळ्यांकडे बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पुढच्या वर्षी आजार परत आला. तिने ती औषधं घेतली नव्हती. कोणाचा गळा घेतला नव्हता. ज्या धोक्यातून मी तिला वाचवायला निघाले होते, तो तसाच, काही न देता, तिच्या दारात आला. डॉक्टर म्हणाले, हे असंही होतं. मी ज्या वाक्यांवर मोठी झाले, त्यात अशा वेळी काय म्हणायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोषी कोण, हे शोधायला मी सरावलेले. इथे शोधून काही मिळेना.

मी तिला शेवटची पाहिली ती उन्हाळ्याच्या तोंडाला, तिच्या घरी, खाटेवर. बोट टेकवायला जागा उरली नव्हती एवढा गळा सुजला होता, त्यामुळे भुंगाही लावता येईना. नात उशाशी बसली होती. मी बसले तेव्हा मावशीने हात पुढे केला. माझं मनगट धरलं. किती महिन्यांनी.

तिचे ओठ हलले. मला पहिला शब्द कळला नाही. तोंडात ‘पाणी देऊ?’ आलं होतं, ‘औषध?’ आलं होतं, ‘डॉक्टरांना बोलावू?’ आलं होतं. मी गप्प बसले. उईकेबाबांची बायको बसली होती तशी. बाहेर टोळीच्या बाया शेतातून परतत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज गल्लीतून गेला. मावशीने पुन्हा ओठ हलवले. मी तरी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा मला दिसलं.

पंखा कमी कर.

मी मोठ्याने म्हटलं, “पंखा कमी करू?” तिची बोटं सैल पडली. चिमटा नाही. मी उठून पंखा कमी केला. परत येऊन बसले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि नात तिच्या गळ्यावरचा पदर सारखा करत होती. चौथ्या दिवशी ती गेली.

कुठल्यातरी गठ्ठ्यात तिचं ‘नाही’ अजून आहे. कोणी मोजेल, तेव्हा ते ‘नाही’च मोजलं जाईल. ते मला खोडता येत नाही. म्हणून इथे लिहिते: अल्लीपूरच्या पंचफुलाबाईने सगळा धोका ऐकून घेतला होता, आणि तिचं उत्तर ‘हो’ होतं.

आता तुम्हाला एक विनंती. दवाखान्यात, बँकेत, बसस्टँडवर तुम्हाला गळ्यावर रुमाल किंवा पदर धरलेला माणूस भेटेल. त्याच्या शेजारी माझ्यासारखं कोणीतरी असेल, चांगल्या मनाचं, पटकन उत्तर देणारं. त्या उत्तरावर थांबू नका. त्या माणसाकडे वळा, त्यालाच विचारा आणि त्याचे ओठ, त्याची बोटं, त्याचा भुंगा पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तुमची बस निघून गेली तर जाऊ द्या.